शिवी कुणाला, आणि कुणावरून?

गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी जाताना एसटीत धाकटी बहीण शेजारी होती. ती बारावीत आहे. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा तिनं न विचारता माझ्या इअरफोनची एक बाजू काढून आपल्या कानात घातली. माझ्या फोनवर एन.डब्ल्यू.ए.चा अल्बम चालू होता. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "दादा, हे एवढे कुणावर चिडलेत?"

असा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी वाटच बघत असतो. घाट संपेपर्यंत मी बोलत राहिलो. गाणं मध्येमध्ये थांबवून एकेका ओळीचा अर्थ सांगितला. पोलिसांवरचं गाणं आहे, ते कसे रस्त्यात अडवतात, कसे झडती घेतात, रंग बघून कसे ठरवतात, सगळं. तिनं मन लावून ऐकलं. "भारी आहे की," म्हणाली. मग पुढचं गाणं लागलं. त्यात मुलींबद्दल जे काही होतं त्यातला एखादा शब्द तिलाही कळला असावा. "आता काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

"असंच काहीतरी," मी म्हणालो आणि गाणं पुढे ढकललं.

ते 'असंच काहीतरी' तेव्हापासून मला टोचतंय. पोलिसांवरच्या गाण्याचा शब्दन् शब्द उलगडून सांगणारा मी, पुढच्या गाण्याला अचानक मुका का झालो? मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. आणि मी जे लपवलं ते कुणाच्या सोयीसाठी लपवलं? तिच्या, त्या गायकांच्या, की माझ्या?

ज्यांना हा ग्रुप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. कॉम्प्टन हे कॅलिफोर्नियातलं, लॉस एंजेलिसला खेटून असलेलं छोटं शहर. १९८७च्या आसपास तिथे आणि शेजारच्या वस्त्यांमध्ये विशीतली आणि विशीच्या आतली काही काळी पोरं एकत्र आली. इझी-ई, डॉ. ड्रे, आइस क्यूब, एमसी रेन, डीजे येला आणि सुरुवातीला अरेबियन प्रिन्स. ग्रुपच्या नावातल्या तीन अक्षरांचा पूर्ण अर्थ मी इथे लिहीत नाही. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांना शतकानुशतकं हिणवायला वापरलेली शिवी. ती शिवीच या पोरांनी पाटी म्हणून दारावर लावली. इझी-ईनं जेरी हेलर नावाच्या मॅनेजरबरोबर 'रूथलेस रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली आणि १९८८ साली 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा अल्बम आला. रेडिओवाल्यांनी तो जवळजवळ वाजवलाच नाही. एमटीव्हीनं शीर्षकगीताचा व्हिडिओ दाखवायला नकार दिला. तरी दहा लाखांच्या वर प्रती खपल्या. विकत घेणाऱ्यांत गोऱ्या, सुखवस्तू उपनगरांतली पोरंही भरपूर होती.

हा राग हवेतून आला नव्हता. कारखाने बंद पडत होते, क्रॅक नावाचं स्वस्त कोकेन गल्लोगल्ली पोहोचलं होतं, टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. त्यावर शेजारच्या लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शोधलेला उपाय म्हणजे 'ऑपरेशन हॅमर'. नावातच हातोडा. प्रमुख होते डॅरिल गेट्स. १९८८च्या एप्रिलमध्ये एकाच वीकेंडला हजाराच्या वर लोक उचलले गेले आणि त्यातल्या बहुतेकांवर काही गुन्हाही लावता आला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाल्टन अॅव्हेन्यूवरच्या घरांवर धाड पडली. पोलिसांनी भिंती फोडल्या, संडास उखडले, फर्निचरचा चुरा केला. हाताला मादक पदार्थ लागले ते किरकोळ. पुढे शहराला लाखो डॉलरची भरपाई द्यावी लागली.

हे माहीत असलं की पोलिसांवरच्या त्या कुप्रसिद्ध गाण्याची रचना कळते. त्यात एक खोटं कोर्ट भरतं. ड्रे न्यायाधीश. क्यूब, रेन आणि इझी एकामागून एक साक्षीला उभे राहतात. आरोपी कोण, तर पोलिस. खऱ्या कोर्टात जी पोरं कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असायची, त्यांनी गाण्यात खुर्च्यांची अदलाबदल केली. शेवटी पोलिसाला दोषी ठरवलं जातं. खऱ्या आयुष्यात तसं होत नव्हतं, म्हणून गाण्यात.

ऑगस्ट १९८९मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्यानं त्यांचा अल्बम वितरित करणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं. अशा गाण्यांमुळे पोलिसांविरुद्ध हिंसेला चिथावणी मिळते, असा त्या पत्राचा सूर. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाची तपास यंत्रणा आणि समोर विशीतली चार-पाच पोरं. त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या कार्यक्रमात त्यांनी ते गाणं सुरू केलं, तर पोलिस स्टेजकडे धावले आणि कार्यक्रम तिथेच थांबला.

इथपर्यंत मी कुठलीही 'पण' न लावता त्यांच्या बाजूचा आहे. गाण्यावर पोलिस पाठवणाऱ्या सत्तेला आपल्याबद्दलचं खरं सहन होत नाही, हे समजायला कॉम्प्टनपर्यंत जायची गरज नाही. एप्रिल २०२३मध्ये आपल्याकडेही दोन तरुण मराठी रॅपर्सवर राजकारणावर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले होते. तेव्हा मी मित्रांशी तावातावानं भांडलो होतो. आजही भांडेन.

'पण' सुरू होते ती १९९१ सालापासून.

त्या वर्षी ३ मार्चच्या रात्री लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी मारलं. एका रहिवाशानं आपल्या बाल्कनीतून त्याचं चित्रीकरण केलं आणि ते जगभर दिसलं. ही पोरं तीन वर्षं गाण्यात जे ओरडत होती त्याचा पुरावाच जणू टीव्हीवर आला. पुढच्या वर्षी त्या चार पोलिसांना ज्युरीनं जवळजवळ पूर्ण निर्दोष सोडलं आणि शहर पेटलं. पन्नासहून जास्त माणसं मेली. एन.डब्ल्यू.ए.वरचा प्रत्येक लेख, प्रत्येक माहितीपट या घटनेपाशी येऊन म्हणतो: बघा, ते खरं सांगत होते.

खरंच सांगत होते. फक्त त्याच शहरात, त्याच्या पाच आठवडे आधी, २७ जानेवारीला आणखी एक मारहाण झाली होती. हॉलिवूडमधल्या एका पार्टीत डॉ. ड्रेनं डी बार्न्स या तरुण पत्रकार बाईला मारलं. ती टीव्हीवर 'पम्प इट अप' हा हिप-हॉपचा कार्यक्रम करायची. आइस क्यूब तोवर पैशांच्या वादातून ग्रुप सोडून गेला होता. तिच्या कार्यक्रमाच्या एका भागात ग्रुपच्या मुलाखतीला जोडून क्यूबनं त्यांची उडवलेली टर दाखवली गेली, हा राग. त्या भागाचं संकलन तिनं केलेलं नव्हतं. पार्टी माणसांनी भरलेली होती, पण बाल्कनीतून कुणी कॅमेरा धरला नव्हता. ड्रेनं कोर्टात आरोपाला आव्हान दिलं नाही. अडीच हजार डॉलर दंड, २४० तास समाजसेवा, दोन वर्षं देखरेख. ग्रुपमधल्या इतरांनी मुलाखतीत दोष तिलाच दिला. त्याच उन्हाळ्यात त्यांचा पुढचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

दोन मारहाणी, एकच शहर, एकच हिवाळा. एकीबद्दल मी बहिणीला घाटभर बोललो. दुसरीबद्दल मला माहीत असूनही एक शब्द बोललो नाही.

एन.डब्ल्यू.ए.ची बाजू घेताना एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो त्यांनी स्वतःच दिलेला आहे. आम्ही गल्लीतले वार्ताहर आहोत, जे दिसतं ते सांगतो. मीही तो वर्षानुवर्षं वापरला. बातमी घाणेरडी असेल तर वार्ताहराला का झोडपता, असं म्हणायचो.

आता तो मला अर्धा पटतो. पोलिसांच्या बाबतीत ते वार्ताहर होते, यात शंका नाही. पण गल्लीत अर्ध्या तर बायका राहतात. त्यांच्या दारावर पोलिस लाथ मारत नव्हते का? त्यांचे मुलगे, भाऊ उचलले जात नव्हते का? डाल्टन अॅव्हेन्यूवर जी घरं फुटली ती घरं कोण सांभाळत होतं? गाण्यातल्या त्या कोर्टात या बायकांपैकी एकीलाही साक्षीला बोलावलेलं नाही. पुढच्या गाण्यांत त्या येतात तेव्हा त्यांना नाव नसतं, फक्त शिवी असते. जो वार्ताहर अर्ध्या गल्लीशी बोलतच नाही, तो गल्लीची बातमी देतोय असं कसं म्हणायचं?

आणि त्यांना बायकांचा आवाज माहीतच नव्हता असंही नाही. रूथलेस कंपनीचं सुरुवातीचं मोठं यश जे.जे. फॅड या मुलींच्या ग्रुपनं मिळवून दिलं. १९८८मध्ये त्यांचं 'सुपरसॉनिक' गाजलं, ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं. कंपनीचं नाव आधी या मुलींनी बाजारात उभं केलं. क्यूबनं ग्रुप सोडल्यावर १९९०च्या आपल्या पहिल्या एकट्याच्या अल्बममध्ये यो-यो नावाच्या मुलीला एका गाण्यात समोर उभं केलं आणि ती त्याला चांगली सुनावते. म्हणजे उलट उत्तर देणारी मुलगी गाण्यात बसते, गाणं मोडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग असं का होतं? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. एका नाक्यावर मिळालं.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराच्या सुमाराला आम्हा तिघा मित्रांना नाकाबंदीत थांबवलं. दोन गाड्या, कागदपत्रं पूर्ण, कुणी प्यायलेलं नाही. हवालदारानं राहायला कुठे म्हणून विचारलं. आम्ही वस्तीचं नाव सांगितलं. तोवर 'तुम्ही' चाललं होतं, नाव ऐकल्याबरोबर त्याचं 'तू' झालं. पाऊण तास उभं केलं, डिकी दोनदा उघडायला लावली, मग जा म्हणाला. पुढच्या चौकात आल्यावर मी एक सणसणीत शिवी हासडली. मित्र हसले, मलाही बरं वाटलं.

शिवी त्या हवालदाराला होती. पण ती होती त्याच्या आईवरून. ती बाई त्या रात्री नाक्यावर नव्हती. कुठल्याशा गावात झोपली असेल. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? आणि ज्यानं केलं होतं त्याला माझी शिवी ऐकूही गेली नाही.

आपल्या भाषेत शिवी कुणाला दिली हे जसं सांगता येतं, तसं कुणावरून दिली हेही सांगता येतं. दोन्ही वेगळी माणसं असतात. राग वर जायला निघतो आणि वाटेत खाली कुणाच्या तरी अंगावर पाय देतो. एन.डब्ल्यू.ए.चा राग पोलिसांवर होता आणि तो खरा होता. पण आपण किती दणकट आहोत, कुणाला भीत नाही, हे दाखवायला त्यांना रोज कुणीतरी समोर लागायचं. पोलिस उलटा मारायचे. उलटं न मारणारं माणूस घरात, गल्लीत, पार्टीत सापडायचं.

हे लिहिताना एक भीती वाटते. चिरडलेल्या माणसाला 'जरा नीट भाषेत राग व्यक्त कर' असं सांगणं हा जुना आणि बेरकी डाव आहे. राग राहतो बाजूला आणि चर्चा भाषेवर होते. मला तो डाव खेळायचा नाही. पोलिसांना घातलेल्या शिवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार सभ्यतेची नाहीच. शिवी ज्या माणसावरून गेली तो माणूसही त्याच गल्लीत चिरडला जात होता, एवढंच मी म्हणतोय.

ही अडचण नीट मांडली ती किम्बर्ली क्रेनशॉ या काळ्या स्त्री कायदेपंडितानं. १९९०मध्ये फ्लोरिडात टू लाइव्ह क्रू या दुसऱ्या रॅप ग्रुपच्या लोकांना अश्लीलतेसाठी अटक झाली. तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, गाणी बायकांविरुद्ध आहेत, कारवाई बरोबर. दुसरा म्हणे, ही काळ्यांची संस्कृती आहे, हात लावू नका. क्रेनशॉनं १९९१मध्ये लिहिलं की तिला दोन्ही पटत नाहीत. याहून वाईट गोष्टी गोरे लोक बिनदिक्कत विकतात आणि अटक मात्र काळ्यांना होते, हा वंशवाद आहे. आणि त्या गाण्यांत काळ्या बायकांचं जे केलंय ते विनोद किंवा संस्कृती म्हणून सोडून देता येत नाही. काळ्या बाईला एकच बाजू निवड असं सांगणं म्हणजे तिला स्वतःचे दोन तुकडे कर असं सांगणं.

आपल्याला हे ऐकून काही आठवायला हवं. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिच्यावरून नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि मराठी कवितेनं तोवर न ऐकलेली भाषा तिला ऐकावी लागली. त्या भाषेनं कितीजणांना आवाज दिला हे मी सांगायला नको. १९८४मध्ये त्यांच्या पत्नी, स्वतः कवयित्री असलेल्या मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. चळवळीच्या घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी त्यात लिहिलं. आम्ही कॉलेजात 'गोलपिठा'वर रात्र-रात्र बोलायचो. दुसरं पुस्तक मी कितीतरी उशिरा, एका मैत्रिणीनं हातात कोंबलं म्हणून वाचलं. वाचल्यावर 'गोलपिठा' माझ्यासाठी खोटा झाला नाही. पण तो एकटाही राहिला नाही.

अशा वेळी आपण हिशेब मांडतो. एवढं मोठं काम केलं, त्यातून एवढी चूक वजा, बाकी उरतं ते मोठंच. किंवा उलट: असा माणूस, मग त्याचं काहीच नको. दोन्हीकडे गणित एकच आहे, फक्त उत्तर वेगळं. मला हे गणितच चुकीचं वाटतं. रॉडनी किंगबद्दल जे खरं होतं त्यानं डी बार्न्सच्या अंगावरचा एक वळही पुसत नाही. आणि तिचा वळ दाखवून पोलिसांचा दंडुकाही झाकता येत नाही. दोन वेगळ्या माणसांची देणी आहेत ती. एकाचं दुसऱ्याच्या खात्यात कसं वळतं करणार?

मग ऐकणाऱ्यानं करायचं काय? बंदी मला नको. अल्बम डिलीट करूनही डी बार्न्सला काही मिळत नाही. मला वाटतं, ऐकणाऱ्याच्या हातात निदान एक गोष्ट आहे. ऐकायचं तर सगळं ऐकायचं आणि सांगायचं तर सगळं सांगायचं. मी एसटीत जे केलं तेच २०१५मध्ये त्यांच्यावर आलेल्या सिनेमानं केलं. निर्मात्यांत ड्रे आणि क्यूब स्वतः होते. पोलिसांचा जुलूम आहे, एफबीआयचं पत्र आहे, डेट्रॉइट आहे. डी बार्न्स नाही. तो भाग पुढे ढकलला. मग तिनं स्वतः लेख लिहिला की या गोष्टीत मी कुठे आहे? त्यानंतर ड्रेनं ज्या बायकांना दुखावलं त्यांची जाहीर माफी मागितली. मारहाणीला तेव्हा २४ वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी ग्रुपला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाची जागा मिळाली.

दिवाळीची सुट्टी संपून परत येताना पुन्हा एसटी होती. मी बहिणीला म्हणालो, त्या दिवशी मी तुला 'असंच काहीतरी' म्हणालो ना, ते असंच काहीतरी नव्हतं. मग त्या गाण्यात काय आहे ते सांगितलं. सांगताना जीभ अडखळली. इंग्रजीत ठेका धरून ऐकलेले शब्द बहिणीसमोर मराठीत आणताना कळतं की आपण काय ऐकत होतो. डी बार्न्सचंही सांगितलं.

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

मला सांगता येईना. ड्रेची हेडफोनची कंपनी २०१४मध्ये अॅपलनं तीन अब्ज डॉलरला घेतली हे मला पाठ होतं. इझी-ई १९९५मध्ये एड्सनं गेला तो महिनासुद्धा माहीत होता. तिचं मी कधी बघितलंच नव्हतं. तिथेच फोन काढून शोधलं. त्या प्रकरणानंतर कामं मिळणं बंद झालं, असं तिनं स्वतः सांगितलंय. २०१९मध्ये तिच्या डोक्यावर छप्पर राहिलं नव्हतं आणि तिनं ऑनलाइन लोकांकडे मदत मागितली होती. मी ते वाचून दाखवलं.

"आणि तू हे आत्ता बघतोयस," बहीण म्हणाली.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिनं इअरफोनची एक बाजू मागितली आणि पोलिसांवरचं गाणं परत लावायला सांगितलं. ते तिला आवडलं होतं आणि अजूनही आवडत होतं. संपत आलं तसा माझा अंगठा सवयीनं स्क्रीनकडे गेला. तिनं माझा हात बाजूला केला.

"राहू दे," म्हणाली. "ढकलायचं असेल तर मी ढकलीन."